लॉर्ड ऑफ द फ्लाइज: त्या रात्री कोण कोण "लवकर निघालं" होतं?

सांजसावली

लेकाला यंदा इंग्रजीला विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' लागली आहे. मलाही शाळेत हीच होती. वर्गात सांगितलेलं एक वाक्य मी तेव्हा प्रत्येक उत्तराच्या शेपटाला चिकटवायचे: "यावरून लेखकास असे सुचवायचे आहे की मनुष्य हा मूलतः पशू आहे." मार्क मिळायचे. परवा लेक म्हणाला, "आई, हे पुस्तक कशाबद्दल आहे, एका वाक्यात सांग," आणि इतक्या वर्षांनी तेच वाक्य जसंच्या तसं तोंडातून बाहेर पडलं. माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, पुन्हा वाचून तरी बघू. दोन रात्रींत संपवलं, आणि आता त्या वाक्यावर माझा भरवसा उरलेला नाही.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. युद्ध चालू आहे. इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांना नेणारं विमान एका निर्मनुष्य बेटावर पडतं. मोठं माणूस एकही वाचत नाही. राल्फ शंख फुंकून सगळ्यांना गोळा करतो, मतदान होऊन तोच पुढारी होतो. ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं, असा नियम ठरतो. जहाजाला धूर दिसावा म्हणून डोंगरावर जाळ तेवत ठेवायचा, हेही ठरतं. जॅक हा चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांचा म्होरक्या, त्याला शिकारीचा नाद लागतो. पुढे बेटावर कसलंसं जनावर आहे अशी भीती पसरते, जॅक आपली टोळी वेगळी काढतो आणि शेवटापर्यंत दोन मुलं जिवानिशी जातात. (सगळं फोडून सांगितलं, माफ करा. पण पुस्तक १९५४ चं आहे.)

मी अडकले ती दहाव्या प्रकरणात. आदल्या रात्री वादळात, विजा कडाडत असताना जॅकच्या टोळीचा नाच चाललेला असतो. जनावराला मारा, गळा चिरा, असा घोष. राल्फ आणि त्याचा जाडा, चष्मेवाला सोबती पिगी तिथे मांस खायला मिळेल म्हणून गेलेले असतात आणि भीतीपोटी तेही त्या रिंगणाला जाऊन मिळतात. तेवढ्यात सायमन नावाचा मुलगा अंधारातून खुरडत येतो. तो सांगायला आलेला असतो की जनावर वगैरे काही नाही, पॅराशूटमध्ये अडकलेलं एका माणसाचं प्रेत आहे. त्याचं कोणी ऐकून घेत नाही. त्यालाच जनावर समजून सगळे तुटून पडतात. नखांनी, दातांनी.

आणि मग सकाळ होते. राल्फ म्हणतो, तो खून होता. पिगी ओरडतो, गप्प बस, असं बोलून काय मिळणार आहे? अंधार होता, वादळ होतं, आपण घाबरलो होतो. तो अपघात होता. बोलता बोलता त्याला सुचतं की आपण तर कडेला होतो, आपण काही केलं नाही, काही पाहिलंही नाही. इतक्यात सॅम आणि एरिक हे जुळे लाकूड ओढत येतात. पिगी घाईघाईने सांगून टाकतो की आम्ही लवकर निघालो, दमलो होतो. जुळे म्हणतात, आम्हीपण, खूप लवकर. सॅमचा हात कपाळावरच्या ओरखड्याकडे जातो आणि तो झटकन मागे घेतो. एरिकचा ओठ फाटलेला असतो.

चौघांनाही सगळं माहीत आहे. उरलेल्या तिघांना माहीत आहे, हेही प्रत्येकाला माहीत आहे. शाळेत असताना हे पान माझ्या डोळ्यांखालून गेलं असणारच, पण यावर प्रश्न येत नसे.

आता माझं. आमच्या वर्गात एक मुलगा होता. सगळे त्याला ज्या नावाने हाक मारायचे ते इथे लिहीत नाही. एका मधल्या सुट्टीत सात-आठ जणांनी त्याला कोपऱ्यात धरलं आणि त्याच्या दप्तरातली एकेक वस्तू खिडकीतून खाली टाकली. शेवटी चष्मा. मी दारात उभी होते. हसलेसुद्धा. नंतर सरांनी एकेकाला उभं करून विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मी पाणी प्यायला गेले होते." माझ्या पुढची आणि मागची, दोघीही पाणी प्यायला गेल्या होत्या. त्या दिवशी नळावर अख्खा वर्ग होता म्हणायचा.

म्हणून ते "मूलतः पशू" आता पटत नाही. वाघ मारतो, खातो आणि झोपतो. मी लवकर निघालो होतो, असं तो दुसऱ्या दिवशी कोणाला सांगत बसत नाही. तुम्हाला या पुस्तकात काय दिसलं?

तिरकस

+१. "लेखकास असे सुचवायचे आहे की" हे सगळ्या शाळांना एकाच कारखान्यातून पुरवलं जातं असा माझा जुना संशय आहे.

मुंगीपावलं

लेख आवडला, पण एक दुरुस्ती. दोन नाही, तीन.

चेहऱ्यावर तुतीच्या रंगाचा डाग असलेला एक चिमुरडा आठवतोय का? जनावराचा विषय पहिल्यांदा तोच काढतो. त्याच दिवशी उत्साहाच्या भरात पोरं जाळ पेटवतात, तो हाताबाहेर जातो, अर्धं रान पेटतं, आणि त्यानंतर तो पोरगा दिसतच नाही. पिगी विचारतो, तो कुठे आहे? राल्फ पुटपुटतो, परत गेला असेल. कुठे परत, ते त्याला सांगता येत नाही. तिथून पुढे शेवटपर्यंत त्याच्याबद्दल कोणी सरळ बोलत नाही. किती मुलं आहेत हेसुद्धा कोणी मोजलेलं नसतं, कारण पिगी नावं गोळा करायला लागतो तेव्हा छोटी पोरं इकडेतिकडे पळतात आणि बाकीचे त्याला हसतात.

म्हणजे "लवकर निघालो"ची तालीम दुसऱ्याच प्रकरणात झालेली आहे. तेव्हा त्यासाठी नाच लागला नाही, वादळ लागलं नाही, तोंडाला रंगही फासलेला नव्हता. सगळे शिस्तीत होते, शंख शाबूत होता.

सांजसावली

मुंगीपावलं, अंगावर काटा आला. हा धागा लिहिताना मी "दोन" म्हणून मोकळी झाले. वाचून आठवडासुद्धा झालेला नाही. मूळ मजकुरातला आकडा बदलत नाही, तसाच राहू दे.

खडूफळा

मी अनेक वर्षं हे पुस्तक शिकवलं आहे, त्यामुळे त्या कारखान्यातला एक कामगार मीही. थोडी बाजू मांडतो.

"मनुष्य मूलतः..." हे वाक्य आम्ही हवेतून आणलेलं नाही. गोल्डिंग स्वतः जवळपास तेच म्हणत असत. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा रॉकेटं डागणाऱ्या एका नौकेची कमान त्यांच्याकडे होती. पुढे एका निबंधात त्यांनी लिहिलं की मधमाशी जसा मध तयार करते तसा माणूस दुष्टपणा तयार करतो, आणि त्या वर्षांतून जाऊनही हे ज्याला कळलं नाही तो आंधळा तरी असला पाहिजे किंवा डोक्याने अधू. नौदलात जाण्याआधी आणि युद्धानंतरही ते सॉल्सबरीच्या शाळेत मास्तर होते. रोज समोर तीस-चाळीस पोरं. मास्तराला पोरांबद्दल भाबड्या कल्पना बाळगून चालत नाही हो.

तरीही परीक्षेतल्या उत्तरात एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे रॉजर. सगळे जॅकवर निबंध लिहितात, कारण जॅक ओरडतो. रॉजर गप्प असतो. चौथ्या प्रकरणात तो झाडाआड लपून हेन्री नावाच्या लहान मुलाच्या दिशेने दगड मारतो, पण मुद्दाम चुकवून. हेन्रीच्या भोवती काही हात रुंद असं एक वर्तुळ आहे, त्याच्या आत दगड टाकायची रॉजरची हिंमत होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचा हात अजून त्याच्या दंडावर आहे, असं लेखक सांगतो. ते सगळे हजारो मैल लांब आहेत आणि त्यांचं जग तर मोडकळीलाच आलंय, पण हात आहे. पुढे हाच रॉजर तरफेवर अंग टाकून प्रचंड शिळा खाली सोडतो. पिगी मरतो आणि शंखाचा चुरा होतो.

मी मुलांना विचारतो, हे वर्तुळ रॉजरने कधी ओलांडलं? कोणालाच नेमकी ओळ दाखवता येत नाही, कारण तशी ओळच नाही. ते जराजरासं आत सरकत जातं. चांगुलपणा म्हणून आपण जे मिरवतो त्यातलं किती आपलं आणि किती त्या दंडावरच्या हाताचं, हा प्रश्न मला जॅकपेक्षा फार मोठा वाटतो. मुलांना तो आवडत नाही, कारण त्याचं उत्तर शंभर शब्दांत बसत नाही.

गलबत

खडूफळा सर, आदर आहे, पण दरवेळी हे पुस्तक निघालं की सगळे मान हलवून "खरंय हो, माणूस असाच" म्हणतात त्याचा मला कंटाळा आलाय. ती कादंबरी आहे. एका माणसाने टेबलापाशी बसून रचलेली. आपण तिच्याकडून पुरावा का मागतो?

पुरावाच हवा असेल तर हा घ्या. १९६५ साली पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरच्या एका निवासी शाळेतल्या सहा मुलांनी कंटाळून एका कोळ्याची नाव पळवली. वादळात शीड आणि सुकाणू गेलं. आठ दिवस भरकटून ती 'आता' नावाच्या ओसाड बेटाला लागली. तिथे मुलं पंधरा महिने राहिली. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती सापडली, तेव्हा सहाच्या सहा जिवंत होती.

त्यांनी काय केलं? दोघादोघांच्या जोड्या करून कामं वाटून घेतली. झाडांचे बुंधे पोखरून पावसाचं पाणी साठवलं. एकदा पेटलेली आग शेवटपर्यंत विझू दिली नाही (राल्फला हे जमलं नव्हतं, लक्षात घ्या). दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने. भांडण झालं की भांडणाऱ्या दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं आणि डोकं थंड झाल्यावर परत यायचं. एकजण कड्यावरून पडून पाय मोडला तर बाकीच्यांनी काठ्या आणि पानं बांधून हाड बसवलं, त्याचं काम वाटून घेतलं. पाय नीट जुळून आला. फुटक्या नावेच्या तारा आणि नारळाची करवंटी वापरून गिटार केली.

आता सांगा, शाळेत कोणती गोष्ट लावतात आणि कोणती लावत नाहीत? हेसुद्धा मनुष्यस्वभावाबद्दल काहीतरी सांगतं.

अवांतर: परत आल्यावर नावेच्या मालकाने तक्रार केली आणि सहाही जणांना अटक झाली. वॉर्नरने पैसे भरून सोडवलं.

तिरकस

म्हणजे बेटावर पंधरा महिने गुण्यागोविंदाने, आणि मोठ्यांच्यात आल्या आल्या तुरुंग. गोल्डिंगना बेट चुकीचं मिळालं.

अंतर्गोल

अतिअवांतराबद्दल माफी, पण कोणीतरी हे म्हणायलाच हवं. पिगीच्या चष्म्याने आग पेटूच शकत नाही.

पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे तो ऱ्हस्वदृष्टीचा. त्याच्या चष्म्याला अंतर्वक्र भिंग असणार. अंतर्वक्र भिंग किरणं पसरवतं, गोळा करत नाही. आग लावायला बहिर्वक्र भिंग लागतं, आजोबांच्या वाचायच्या चष्म्यात असतं ते. म्हणजे कादंबरीतला पहिला जाळ, डाग असलेल्या पोराचा मृत्यू, चष्म्याची चोरी, पिगीचा शेवट, हे सगळं प्रकाशाच्या नियमाविरुद्ध घडलंय.

मुंगीपावलं

अंतर्गोल, तुम्ही वर्गात कोणाचे लाडके होता ते कळलं. :)

नीरक्षीर

गलबत, टोंगाची गोष्ट मलाही प्रिय आहे. तरी तिच्यातून लगेच "माणूस मुळात चांगला" असं काढू नये, अशी विनंती. ती सहा मुलं एकमेकांचे मित्र होती, एकाच शाळेतली, समुद्राच्या अंगाखांद्यावर वाढलेली, एका श्रद्धेची. गोल्डिंगच्या बेटावर वेगवेगळ्या शाळांतली पोरं आहेत. काही सहा वर्षांची, काही बाराची. दोन्हींची तुलना बरोबरीची नाही.

आणि ते 'आता' बेट ओसाड का होतं, हेही जोडून वाचा. तिथे वस्ती होती. १८६३ साली गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका जहाजाने तिथले जवळजवळ निम्मे लोक फसवून पळवून नेले. उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं. मुलांना जुन्या वस्तीच्या खुणा, केळी आणि मोकाट कोंबड्या सापडल्या त्या या लोकांच्या. ज्या जमिनीवर सहा मुलांनी एकमेकांचा जीव राखला, त्याच जमिनीवरून शंभर वर्षांपूर्वी मोठ्यांनी माणसं उचलून नेली होती. मनुष्यस्वभाव यातला कुठला म्हणायचा?

दुसरा मुद्दा खडूफळा सरांसाठी. हे पुस्तक "मनुष्य" नावाच्या प्राण्याबद्दल आहे असं शिकवलं जातं, पण लेखकाचा नेम त्याआधी फार जवळच्या माणसांवर आहे. १८५७ साली बॅलंटाइनची 'द कोरल आयलंड' आली होती. तिच्यात राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन इंग्रज मुलं बेटावर अडकतात आणि गुण्यागोविंदाने राहतात. वाईट जे काही येतं ते बाहेरून, चाच्यांकडून नाहीतर "रानटी" लोकांकडून. गोल्डिंगनी नावंसुद्धा तिथून उचलली. त्यांचा जॅक सुरुवातीला छाती काढून सांगतो की आपण काही रानटी नाही, आपण इंग्रज आहोत, आणि इंग्रज सगळ्यात सरस असतात. शेवटी जो नौदलाचा अधिकारी येतो तो नागड्या, रंग फासलेल्या पोरांकडे बघून 'कोरल आयलंड'चंच नाव काढतो आणि म्हणतो, ब्रिटिश मुलांकडून याहून बरं काही अपेक्षित होतं. तो स्वतः युद्धनौकेवरून उतरलाय, कमरेला पिस्तूल आहे. राल्फ रडायला लागल्यावर तो अवघडतो आणि नजर फिरवून आपल्या देखण्या नौकेकडे बघत उभा राहतो.

सांजसावली, तुमच्या यादीत त्याचंही नाव घाला. तो पण लवकरच निघाला.

हस्तलिखिताचं पहिलं नाव "आतलेच परके" अशा अर्थाचं होतं. ते टिकलं असतं तर कदाचित परीक्षेतलं ते वाक्य जरा वेगळं झालं असतं.

तिरकस

जाता जाता, हे हस्तलिखित बऱ्याच प्रकाशकांनी नाकारलं होतं. फेबर या प्रकाशनसंस्थेकडे पोचलं तेव्हा तिथे हस्तलिखितं तपासणाऱ्या वाचकाने शेरा मारला होता: निरर्थक, रटाळ, रद्दी. चार्ल्स माँटिथ नावाच्या नव्याच संपादकाने ते ढिगातून उचललं, सुरुवातीचं अणुयुद्धाचं वर्णन कापायला लावलं आणि छापलं. १९८३ ला नोबेल. शेरा मारणारी व्यक्तीही बहुधा पाणी प्यायला गेली असावी.

गलबत

नीरक्षीर, १८६३ चं मी त्या मुलांच्या गोष्टीशी कधी जोडून पाहिलं नव्हतं. आता ती केळी डोक्यातून जात नाहीत. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण आवाज खाली घेतो.

काजवा

सगळ्यांचं वाचतेय. मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून एक भर.

कादंबरी आली त्याच वर्षी, १९५४ च्या उन्हाळ्यात, मुझफ्फर शेरीफ या संशोधकाने अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या रॉबर्स केव्ह या उद्यानात २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं साधारण अकरा वर्षांची, सुखवस्तू घरची, एकमेकांना अनोळखी. दोन गट पाडले. काही दिवस गटांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. मग बक्षिसं लावून सामने सुरू केले आणि बघता बघता झेंडे जाळणं, रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांवर धाड घालणं इथवर मजल गेली. शेवटी पाण्याची टाकी बंद पडल्यासारखी संकटं उभी केली, ती सोडवायला सगळ्यांचे हात लागत, आणि मुलं पुन्हा एक झाली.

हे आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्या पाठात सहसा नसतं ते आदल्या वर्षीचं. १९५३ ला शेरीफनी न्यूयॉर्क राज्यात असंच शिबिर भरवलं होतं. तिथे मुलांची आधी एकमेकांशी मैत्री होऊ दिली आणि नंतर गट पाडले. शिबिरातल्या मोठ्यांनी एकमेकांवर संशय येईल अशा खोड्या काढून पाहिल्या. मुलं भांडेनात. उलट त्यांनी आपसांत बोलून ताडलं की हे उद्योग मोठ्यांचेच आहेत. शिबिर गुंडाळावं लागलं.

मला यात गोल्डिंग बरोबर की चूक हे दिसत नाही. मुलं एकमेकांशी बोलू शकली, एवढंच दिसतं. गोल्डिंगच्या बेटावर नेमकं तेच थांबतं. शंखाच्या नियमाने सगळ्यांना सभेत बोलता येतं, पण दोन मुलं नीट बसून बोलली आहेत असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सायमन सभेत चाचरत सांगायचा प्रयत्न करतो की जनावर असेल तर कदाचित आपणच असू, आणि त्याची टर उडते.

खडूफळा

काजवा, छान. हे उद्या वर्गात वापरतो.

सांजसावली

किती सुंदर प्रतिसाद! लेकाला सगळं वाचून दाखवलं. त्याला अंतर्गोल यांचा सगळ्यात आवडला. :)

त्याने मला एक प्रश्न विचारला, तो इथे टाकते. पिगी तर सगळ्यात शहाणा, सगळ्यात जास्त त्रास त्यालाच, मग "आम्ही लवकर निघालो" हे सगळ्यात आधी तोच का म्हणतो? मला उत्तर देता आलं नाही.

अर्धविराम

नेहमी नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. मोबाईलवरून टंकतोय, चुकांकडे दुर्लक्ष करा.

तुमच्या वर्गातला तो मुलगा मी नाही, पण आमच्या वर्गातला मीच होतो. जाडा होतो, धाप लागायची, खेळता यायचं नाही. म्हणून मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे असं वाटतं.

आठवीत असताना एक नवीन मुलगा आला. बोलताना अडखळायचा. महिन्याभरात सगळ्यांचा मोहरा त्याच्याकडे वळला. मला आयुष्यात पहिल्यांदा रिंगणात जागा मिळाली. ती जागा कशी वाटते ते ज्यांना कायम होती त्यांना नाही कळणार. उबदार असते. कोणाच्या तरी खांद्याला खांदा लागतो, आणि तो खांदा ढकलत नाही. मी त्याची नक्कल करायला लागलो. माझी नक्कल सगळ्यात चांगली व्हायची, कारण चिडवणं आतून कसं लागतं ते मला माहीत होतं.

त्या नाचाच्या प्रसंगात लेखकाने लिहिलंय की राल्फ आणि पिगीला त्या वेड्या पण काहीशा सुरक्षित घोळक्यात जागा मिळवावीशी वाटली. शाळेत ते वाचताना मी पुस्तक मिटलं होतं. पिगीला आयुष्यभर कोणी हात धरून रिंगणात घेतलं नव्हतं. पहिल्यांदा मिळालं, आणि ते तसल्या रात्री. ते खरं होतं असं कबूल करायचं तर त्याच्याकडे काय उरतं? राल्फला कबूल करणं परवडतं. तो देखणा आहे, त्याला सगळ्यांनी मतं दिली आहेत.

पिगीला मी माफ करतोय असं नाही. त्याने केलं ते केलंच. मीही.

अजून एक. पहिल्याच पानांवर पिगी राल्फला त्याचं नाव विचारतो. राल्फ सांगतो. मग पिगी वाट बघत थांबतो, की आता हा मला माझं विचारेल. राल्फ विचारत नाही. उलट पिगी विश्वासाने सांगून बसतो की शाळेत मला काय म्हणायचे ते इथे कोणाला कळू देऊ नकोस, आणि थोड्याच वेळात राल्फ ते सगळ्यांसमोर फोडतो. सगळे हसतात, छोटी पोरंसुद्धा. पुस्तक संपेपर्यंत पिगीचं खरं नाव कळत नाही. राल्फ शेवटी त्याला खरा शहाणा मित्र म्हणून रडतो, तेही त्या चिडवायच्या नावानेच.

मुंगीपावलं

अर्धविराम, लिहीत राहा. एवढंच.

नीरक्षीर

हेच म्हणतो. आणि राल्फबद्दलचं "परवडतं" हे फार नेमकं आहे. मी त्याला उगाच मोठेपणा देत होतो.

सांजसावली

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला. लेकाला अजून दाखवलेला नाही, दाखवेन.

धाग्यात वर मी लिहिलंय की त्या मुलाला सगळे ज्या नावाने हाक मारायचे ते इथे लिहीत नाही. तुमचं वाचल्यावर मनात आलं, निदान मनातल्या मनात तरी त्याला खऱ्या नावाने हाक मारावी. आडनाव आठवलं. बाक आठवला, खिडकीजवळचा तिसरा. चष्म्याच्या एका काडीला बांधलेला दोरा आठवला. हजेरीत त्याचा क्रमांक २१ आणि माझा २२, म्हणजे त्याच्या नावानंतर रोज माझंच नाव पुकारलं जायचं, वर्षभर. मी त्याच्या नावाची वाट बघत असायचे, कारण ते झालं की मला "हजर" म्हणायचं असायचं.

पहाटेपर्यंत जागी होते. नाव नाही आठवलं.